नव्या दुकानदाराची पत

कोल्हापुरांत नवें दुकान मांडणाऱ्या मनुष्यास जागेपेक्षां मालाचा प्रश्न अधिक जाचतो. आणि मालाचा प्रश्न म्हणजेच उधारीचा प्रश्न होय. जुन्या दुकानदारास घाऊक पेढीवरून महिन्याच्या वायद्यानें माल मिळतो व तो विकून आलेल्या पैशांतूनच तो पेढीचें देणें भागवितो. नव्या माणसास तोच माल रोखीनें उचलावा लागतो. एकाच्या दुकानांत पेढीचें भांडवल खेळतें, दुसऱ्याच्या दुकानांत घरचे दागिने गहाण टाकून आणलेलें. अशा दोघांची चढाओढ बरोबरीची आहे, असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

पेढीवाल्यास दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. शंभर रुपयांच्या विक्रींत पांच रुपये सुटत असतील, तर शंभरांची एक उधारी बुडाली असतां ती भरून काढण्यास सुमारें दोन हजारांची विक्री करावी लागते. सबब तो माल देण्यापूर्वी ओळख विचारतो, यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें हें कीं, ओळख म्हणजे त्या मनुष्याची वागणूक असें न समजतां त्याची जात, त्याचें गांव आणि त्याची सोयरीक असें समजलें जातें. ज्याच्या घरांत पूर्वी कोणी तराजू हातीं धरला नाहीं, त्यानें ही ओळख आणावी कोठून?

या प्रश्नाचें एक उत्तर याच शहरानें पाहिलेलें आहे. ज्यांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली, त्याच राजर्षि शाहू छत्रपतींनीं, पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांस चहाचें दुकान काढण्यास साह्य केलें. उच्चवर्णीय गिऱ्हाइकें फिरकेनात, तेव्हां महाराज आपली गाडी दुकानापुढें उभी करीत, स्वतः तेथला चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींसहि पाजीत. हें उदाहरण उधारीचें नव्हे हें खरें. पण पत म्हणजे काय, हें त्यावरून कळतें. चार लोकांदेखत टाकलेला विश्वास म्हणजे पत. १९२२ सालीं महाराज निवर्तले. पुढें संस्थानहि १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. आतां दारीं गाडी उभी करणारा राजा नाहीं. त्याचें काम बाजाराच्या रीतीनेंच केलें पाहिजे.

कायदा हें काम करील अशी आशा कोणी बाळगूं नये. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें लहान उत्पादकाचें देणें फार तर ४५ दिवसांत चुकविण्याचें बंधन खरेदीदारावर घातलें. परंतु जुलै २०२१ मध्यें सरकारनें व्यापाऱ्यांस त्या नोंदणींत घेतलें, तें अग्रक्रमाच्या कर्जापुरतेंच. पेढीनें एकतर्फी लिहिलेल्या खातेवहीवर विसंबूनहि भागत नाहीं. नुसत्या वहीतल्या नोंदीवर कोणासहि देणेदार ठरवितां येत नाहीं, हा पुराव्याच्या कायद्यांतला जुना नियम २०२३ च्या नव्या कायद्यांतहि कायम आहे. शिवाय दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. तात्पर्य, लेखी अट आणि माल पोंचल्याची सही या दोन गोष्टी देणाऱ्याचें जितकें रक्षण करतात, तितकेंच घेणाऱ्याचेंहि करतात.

म्हणून पेढ्यांस आमची सूचना अशी कीं, पहिले तीन माल रोखीनें द्यावे आणि ते नीट उचलले गेल्यास चौथ्या वेळीं एका मालापुरती उधारी द्यावी. मुदत व उशिराचें व्याज बिलावरच लिहावें. वर्षभर देणें वेळेवर आलें, तर तसें दोन ओळींचें पत्र पेढीच्या सहीनें द्यावें. तें घेऊन तो मनुष्य दुसऱ्या पेढीवर किंवा सहकारी बँकेंत गेला, तर त्याची सोयरीक विचारण्याचें कारण उरणार नाहीं. व्यापारी संघांनीं अशा पत्राचा एक नमुना ठरवून दिल्यास ही रीत लवकर रुळेल.

नव्या दुकानदारांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. उधारी फुकट मिळते ही समजूत त्यांनीं प्रथम टाकावी. रोखीनें अठ्ठ्याण्णवांस मिळणारा माल महिन्याच्या वायद्यानें शंभरास घेणारा दरसाल सुमारें पंचवीस टक्के व्याज भरीत असतो. जितकें विकेल तितकेंच उचलावें. देणें हुकणार असें दिसल्यास वायद्याच्या आदल्या दिवशीं स्वतः पेढीवर जाऊन सांगावें. वायदा टळल्यावर तोंड चुकविणाऱ्याची पत जाते, ती पुढें पैसे आणून दिल्यानेंहि लवकर परत येत नाहीं. पेढीच्या पैशांतून घरचें लग्नकार्य तर कदापि करूं नये.

आपल्या लोकांनीं व्यापारांत शिरावें, असा उपदेश या शहरांतील प्रत्येक सभेंत ऐकूं येतो. उपदेशाचा तोटा नाहीं; तोटा आहे तो पहिल्या उधारीचा. ती एका मालापुरती कां होईना, अनोळखी पण सचोटीच्या मनुष्यास देणारी पेढी आपला धंदा तर वाढवीलच, पण बाजाराचें दार आजवर ज्यांस बंद राहिलें त्यांच्यासाठीं तें उघडील. शाहूंच्या नगरींतील व्यापाऱ्यांकडून इतकी अपेक्षा करणें आम्हांस फाजील वाटत नाहीं.