कार्ड हाती आले, आरोग्याचे काय?

आरोग्यविमा आणि आरोग्यसेवा हे दोन शब्द अलीकडे एकाच अर्थाने वापरले जाऊ लागले आहेत. वैद्यक व्यवसायातील आपण मंडळींनी तरी ही गल्लत करू नये, असे मला मनापासून वाटते. विमा म्हणजे बिलाची तरतूद. सेवा म्हणजे रुग्णाला जवळ, वेळेवर आणि परवडेल असा मिळणारा उपचार. पहिल्या बाबतीत गुजरातने मोठी मजल मारली आहे. दुसऱ्या बाबतीत, निदान सुरतच्या श्रमिक वस्त्यांपुरते, बरेच अंतर कापावयाचे आहे.

प्रथम श्रेय द्यावयाचे ते देऊ. २००५-०६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘चिरंजीवी’ योजनेत गरीब स्त्रियांच्या बाळंतपणासाठी खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना दर शंभर प्रसूतींमागे ठरावीक रक्कम दिली जाई. सिझेरियन केले तरी तेवढेच पैसे, न केले तरी तेवढेच. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रियेचा मोह आपोआप टळे. २००७ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘मुख्यमंत्री अमृतम्’ म्हणजे ‘मा’ योजना सुरू झाली आणि २०१४ मध्ये ‘मा वात्सल्य’ने तिचा लाभ कनिष्ठ मध्यमवर्गापर्यंत नेला. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. पुढे दोन्ही एकत्र झाल्या. जुलै २०२३ पासून गुजरातमधील पात्र कुटुंबाला वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. एकेकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी घरातील दागिने गहाण पडत. आज तीच शस्त्रक्रिया कार्डावर होते. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हे कार्ड उपयोगी पडते ते प्रामुख्याने रुग्ण दाखल झाल्यावर. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस सोडले, तर दवाखान्यातील तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत राहणारे आपले खानदेशी बांधव बहुधा हातावर पोट असलेले. यंत्रमागावर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. खाडा झाला की त्या दिवसाची चूल अडते. महापालिकेच्या आरोग्यकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या मोफत मिळतात. पण केंद्राची वेळ तीच मागाची वेळ, आणि रात्रपाळीवाला त्या वेळी झोपलेला. मग गोळ्या सुटतात. पुढे पक्षाघात झाला की शासन त्याच्यासाठी लाखभर रुपये मोजते; मात्र तो झटका टाळणारी स्वस्त गोळी त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. आणि घरी परतलेल्या त्या कमावत्या माणसाची बुडालेली मजुरी कोणतेच कार्ड भरून देत नाही.

ती भरून देणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. १९४८ च्या कायद्यातून उभी राहिलेली कर्मचारी राज्य विमा योजना बाह्यरुग्ण उपचारही देते आणि आजारपणातील वेतनाचा हिस्साही. पण दहा किंवा अधिक कामगारांच्या हजेरीपटावर ती उभी आहे आणि मागावरच्या अनेकांचे नाव कोणत्याच पटावर नाही.

स्थलांतरितांची अडचण आणखी वेगळी. कुटुंब सुरतेत आणि शिधापत्रिका धुळे-नंदुरबारकडच्या गावी. आयुष्मानचे कार्ड देशभर चालते. पण गुजरातने वाढवून दिलेली मर्यादा गुजरातच्या लाभार्थ्यांसाठी आहे, आणि महाराष्ट्राने स्वतःच्या तिजोरीतून महात्मा फुले योजनेत दिलेले लाभ सीमेपलीकडे सहसा मिळत नाहीत. दोन राज्यांच्या दोन योजना, आणि मधल्या मध्ये माणूस उपाशी!

विम्याचा पैसा आला की त्यामागून लोभही येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादेतील एका खासगी रुग्णालयाने गावात शिबिर भरवून, योजनेच्या पैशासाठी गरज नसताना अँजिओप्लास्टी केल्याचा आरोप झाला. दोन रुग्ण दगावले. अशा घटनांनी मान खाली जाते ती सबंध व्यवसायाची.

सुरतला या बाबतीत दूर जाऊन धडा घ्यावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसांनी हे शहर सोडले. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर सावरले ते कोणत्याही विम्याने नव्हे. सफाई, रोज होणारी रोगांची नोंद आणि अधिकाऱ्यांची रस्त्यावरची हजेरी यांनी.

म्हणून शासनाकडे माझे मागणे दोनच: श्रमिक वस्त्यांतील आरोग्यकेंद्रे संध्याकाळीही उघडी ठेवावीत आणि मागावरच्या कामगाराला राज्य विम्याच्या पटावर आणावे. आपल्या मंडळींकडे मागणे त्याहून सोपे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत बसावे, रक्तदाब-साखर तपासावी आणि कार्डाचे कागद नीट लावून द्यावेत. मराठीत दुखणे सांगता येईल असा डॉक्टर समोर असणे, हा आपल्या माणसांसाठी मोठाच आधार आहे. दहा लाखांचे कार्ड शासनाने दिले. त्याची गरजच कमी पडावी, हे पाहणे आपले काम आहे.