एकच गाठ, दोन नावं: लिम्फोमाच्या वर्गीकरणाचा 'फोर्क'

घरात कुणाचा बायोप्सी रिपोर्ट आला की आपण आधी काय करतो? फोटो काढून चॅटबॉटला टाकतो. लिम्फोमाच्या रिपोर्टमध्ये एक गोची आहे, आणि ती चॅटबॉटची नाही. 2022 मध्ये या कॅन्सरच्या वर्गीकरणाला फाटा फुटला. आमच्या भाषेत, फोर्क झाला. एकीकडे जागतिक आरोग्य संघटनेची पाचवी आवृत्ती, दुसरीकडे आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कन्सेन्सस क्लासिफिकेशन.

आधी लॅबमध्ये काय होतं ते बघू. गाठीचा तुकडा मेणात बसवून पातळ काप काढतात. मायक्रोस्कोपखाली पेशी बघून झाल्या की येतं आयएचसी: अँटिबॉडी वापरून ठरावीक प्रोटीन्सना रंग देणं. डीएलबीसीएल या सर्रास आढळणाऱ्या प्रकारात 2004 चा हान्स अल्गोरिदम वापरतात. मला तो फार आवडतो, कारण तो सरळसरळ इफ-एल्स आहे. सीडी-10 पॉझिटिव्ह? जर्मिनल सेंटर गट. सीडी-10 आणि बीसीएल-6 दोन्ही निगेटिव्ह? दुसरा गट. फक्त बीसीएल-6 पॉझिटिव्ह असेल तर एमयूएम-1 बघून ठरतं. पॉझिटिव्ह म्हणजे किमान 30 टक्के पेशींना रंग. आता 28 की 32 हे बऱ्याचदा माणसाच्या नजरेवरच! मुळात हे गट 2000 मध्ये जीन-एक्स्प्रेशनवरून सापडले होते. आयएचसी हा त्याचा स्वस्त पर्याय.

खरा घोळ पुढे आहे. फिश चाचणीत चमकणारे प्रोब लावून जनुकं तुटून भलतीकडे जोडली गेलीत का ते बघतात. एमवायसी आणि बीसीएल-2 दोन्ही तुटलेली असतील तर दोन्ही वर्गीकरणं त्याला वेगळा, आक्रमक प्रकार मानतात, आणि अनेक ठिकाणी नेहमीच्या आर-चॉपपेक्षा कडक केमो देतात. पण बीसीएल-2 ऐवजी बीसीएल-6 असेल तर? आयसीसीने त्याला तात्पुरतं का होईना, वेगळं नाव दिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला त्या वेगळ्या गटातून काढलं. स्लाइड तीच, ठिपके तेच, निदानाची ओळ वेगळी.

म्हणून नुसतं नाव सर्च करू नका. डॉक्टरांना विचारा: वर्गीकरण कुठलं वापरलं? फिश केली का? आणि फक्त सुईने पेशी काढल्या की अख्खी गाठ? सुईत गाठीची रचना कळत नाही. आपल्याकडे मानेची गाठ टीबी समजून औषधं सुरू होतात, त्यामुळे हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. राहिलेल्या चाचण्या त्या ब्लॉकवरच होतील, पीडीएफवर नाही.