प्रकाश ‘गोठला’ म्हणजे नेमके काय झाले?

‘शास्त्रज्ञांनी प्रकाश गोठवला’ अशा मथळ्याच्या बातम्या मार्च २०२५ मध्ये जगभर फिरल्या. त्या वाचून बर्फाच्या लादीसारखा प्रकाश डोळ्यांसमोर आला असेल, तर दोष वाचकाचा नाही. इटलीतील लेच्चे येथील संशोधकांचा मूळ प्रयोग खरा आहे आणि ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मथळ्याने मात्र त्यातला महत्त्वाचा कणच गाळला. त्याचे नाव पोलॅरिटॉन.

सेमीकंडक्टरवर प्रकाश पडला की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो. मागे उरलेली रिकामी जागा धनभारित कणासारखी वागते आणि दोघे एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. इलेक्ट्रॉन परत जागेवर आला की प्रकाशकण बाहेर पडतो आणि निघून जातो. पण दोन्ही बाजूंना आरसे ठेवून त्याची वाट अडवली तर तो परत फिरतो आणि पुन्हा एक्सायटॉन निर्माण करतो. ही देवाणघेवाण प्रकाश निसटण्याच्या वेगापेक्षा जलद झाली, की कोण प्रकाश आणि कोण पदार्थ हे वेगळे सांगता येत नाही. आडव्या दोरीवर टांगलेल्या दोन लंबकांपैकी एक हलवला की थोड्या वेळाने दुसरा झुलू लागतो, तसेच हे. १९९२ मध्ये क्लॉद वाइसबुश आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी असे आरसे वापरून ही जोडणी दाखवली. एका रेषेच्या जागी तेव्हा दोन रेषा दिसल्या होत्या.

हा संकरित कण कमालीचा हलका असतो, इलेक्ट्रॉनच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. त्यामुळे सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या गणितातून पुढे आलेली, असंख्य कणांनी एकाच अवस्थेत येण्याची किमया तो तुलनेने सहज साधतो. अणूंना त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ न्यावे लागते. पोलॅरिटॉनना २००६ मध्ये उणे २५४ अंश सेल्सिअस पुरले.

लेच्चेमध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या, सूक्ष्म खाचा असलेल्या चिपवर लेसर टाकला गेला. आधी पोलॅरिटॉन एका अवस्थेत जमले, मग त्यातले काही जोडीने शेजारच्या दोन अवस्थांत गेले आणि घनतेचे नियमित पट्टे उमटले. घन पदार्थासारखी रचना आणि सर्व कणांत एकसूत्रीपणा, दोन्ही एकत्र, म्हणून ‘सुपरसॉलिड’. यात थंड होऊन थिजलेले काहीच नाही. पोलॅरिटॉनचे आयुष्यच सेकंदाच्या अब्जाव्या भागाहून कमी!

यातून रुग्णालयात लगेच काही येणार आहे का? नाही. प्रकाशावर चालणारे स्विच आणि कमी ऊर्जेचे लेसर, ही या कणांची आजची दिशा आहे. तीही अजून बरीचशी प्रयोगशाळेतच.

‘सुपरसॉलिड’ शब्दाला एक जुना इतिहास आहे, तो बातम्यांत क्वचितच येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या मोझेस चॅन आणि उन-सोंग किम यांनी २००४ मध्ये घन हेलियममध्ये ही अवस्था दिसल्याचे जाहीर केले होते. आठ वर्षांनी चॅन यांनीच उपकरण नव्याने बांधून प्रयोग पुन्हा केला. परिणाम दिसला नाही, आणि तसे त्यांनी स्वतःच छापले.