हाकलायचं कुणाला? मजुराला की ठेकेदाराला?

गिरणीबंधूंनो,

"परप्रांतीय हटाव" म्हणून ओरडणारे पुढारी आपल्या कोथरूडात थोडे नाहीत. त्यांनी एकदा सकाळी मजूर नाक्यावर उभं राहावं. बिहार-बंगालची पोरं थापी-डबा घेऊन ताटकळत असतात. मुकादम येतो, भाव पाडतो, टेंपोत भरून नेतो. कुणाच्या साइटवर? ते मात्र विचारू नका!

गेल्या साली आमच्या गिरणीत आठ मराठी बदलीवाले घरी बसवले आणि ठेकेदाराची ओडिशाची पोरं मागावर लावली. माझंही डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू. पण त्यातल्या एकाला हळूच पगार विचारला. सही सहाशेवर, हातात चारशे! मधले दोनशे कुणी खाल्ले?

1979 साली परराज्यातल्या कामगारांसाठी कायदा झाला होता. पाच माणसं आणली तरी ठेकेदाराला परवाना पायजे, प्रत्येकाला फोटोचं पासबुक, गाडीभाडं, राहायला धड जागा, पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता. आणि त्याच कामाला स्थानिकाइतकाच पगार! हा कायदा पाळला असता तर बाहेरचा माणूस मालकाला महाग पडला असता. मग खरी गरज असेल तेवढेच आणले असते आणि आपला बदलीवाला घरी बसला नसता. कायदा मोडला मालकानं, शिव्या खातोय मजूर.

धड जागा म्हणजे काय, ते कोंढव्यात दिसलं. 29 जून 2019 च्या रात्री मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर भिंत कोसळून पंधरा जीव गेले, त्यात लेकरंही होती. 2020 च्या टाळेबंदीत वाटेत किती मजूर मेले, असं संसदेत विचारलं तर केंद्र सरकार म्हणालं, आकडा नाही. आणि नोव्हेंबर 2025 पासून तो 1979 चा कायदाच गेला. नव्या संहितेत पाचाचे दहा झाले, विस्थापन भत्ता उडाला.

ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना, हा सरकारी ठराव 2008 सालीही निघाला. पण ठेकेदाराची माणसं हजेरीपटावरच नसतील तर टक्के मोजणार कशाचे?

काही भाऊ म्हणतात, नाकेबंदी करा. अरे, सुरतेच्या मागांवर आपली खानदेशी माणसं राबतात, त्यांनी कुठं जायचं? घटनेनं देशात कुठंही कामाला जायचा हक्क दिलाय, तो त्यांना तसा ह्यांनाही.

त्या ओडिशाच्या पोरानं युनियनची पावती फाडली आहे. आठ बदलीवाल्यांना परत घ्या आणि ठेक्यातल्या सगळ्यांना हजेरीपटावर घेऊन एकच दर द्या, ह्या अर्जावर त्याचीही सही आहे. येत्या सोमवारी पाळी सुटली की कामगार आयुक्तांच्या कचेरीवर चला.