मुलाची चाचणी मुलाच्या भाषेत व्हावी

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत चौथीत शिकणारा मुलगा. ऐकलेली गोष्ट तो शब्दन् शब्द सांगतो, बाजाराचा तोंडी हिशेब आजोबांच्या आधी करतो. पण पुस्तक समोर आले की अडखळतो. 'घर'चे 'धर' होते, 'भात'चा 'मात' होतो, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. शाळेने दोन वर्षे 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा दिला. अखेर आईवडिलांनी त्याला शहरात नेले. तेथे चाचणी झाली ती इंग्रजीतून. 'आकलन कमी' असा निष्कर्ष निघाला आणि 'मराठी शाळेतून काढा, भाषांचा गोंधळ होतो आहे' असा सल्ला मिळाला. तो कागद घेऊन ते आमच्याकडे आले. मुलाला इंग्रजी येत नाही, याखेरीज त्या कागदावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. १९९५ च्या कायद्यात तिला स्थान नव्हते. नव्या कायद्याच्या कलम १६ नुसार अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे. कलम १७ नुसार दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण व्हावयास हवे. म्हणजे चाचणी ही पालकांनी हात जोडून मागण्याची कृपा नाही. राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी बोलते. ज्या भाषेत मूल शिकते, त्याच भाषेत त्याची अडचण तपासली जावी, हे त्याच तत्त्वाचे सरळ अनुमान आहे, असे आम्ही मानतो.

यामागे भाषाशास्त्राचेही कारण आहे. सीमाभागातील मूल देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या शिकते. मराठीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण उच्चार नंतर होतो. 'र' हा 'प्र', 'र्क', 'ट्र' आणि 'ऱ्या' अशी चार रूपे घेतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली जाते. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात. अध्ययन अक्षमतेचे मूळ बहुतेकदा ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्यात असते. म्हणून ती मुलाला सर्वांत चांगल्या येणाऱ्या भाषेतही दिसते. अडचण केवळ कन्नड वा इंग्रजीत असेल, तर बहुधा सराव कमी पडला आहे. हा भेद मराठीत तपासल्यावाचून कळणार कसा? आणि तपासणाऱ्याला आपली बोलीही ठाऊक हवी. 'करूलाय' म्हणणारे बेळगावचे मूल चुकत नसते, ते घरची मराठी बोलत असते.

साधनेच नाहीत, ही सबब आता टिकत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हा चाचणीसंच तयार केला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असलेल्या या संचात आपल्या भागाच्या तिन्ही भाषा आहेत. उणीव आहे ती तो मराठी शाळेपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची.

एका धोक्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. निदान झालेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. ती आवश्यक आहे. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी हीच दुसरी वा तिसरी भाषा असते, मग ते बेळगाव असो, बडोदे असो वा हैदराबाद. तेथे सूट म्हणजे मातृभाषेची अक्षरओळखच संपणे. कोणती भाषा सोडायची, हे मुलाची गरज पाहून पालकांशी बोलून ठरावे. त्याचबरोबर ही सूट कन्नड टाळण्याची पळवाट म्हणून कोणी वापरू नये. अन्यथा खऱ्या गरजूकडेही संशयाने पाहिले जाईल.

आमच्या चळवळीलाही प्रश्न विचारायला हवा. आम्ही फलकांसाठी आणि मराठी कागदपत्रांसाठी रस्त्यावर उतरलो. मराठी शाळांचा पट मोजला. पण त्या पटावरच्या ज्या मुलाला वाचताच येत नाही, त्याचा विचार किती केला? ते मूल सातवी-आठवीत शाळा सोडते, तेव्हा मराठीचा एक वाचक जातो.

म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा, चाचणी मराठीतून व्हावी असे त्यात स्पष्ट लिहावे आणि पोच घ्यावी. वह्यांतील चुकांची पाने जोडावीत. मूल लहान आहे म्हणून थांबू नये. प्रमाणपत्र साधारणतः आठ वर्षांनंतर मिळते, पण मदत पहिलीपासून सुरू करता येते. दाद न मिळाल्यास गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त आणि भाषेच्या प्रश्नासाठी भाषिक अल्पसंख्याक आयुक्त यांच्याकडे जावे. शिक्षकांनी 'मठ्ठ' हा शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा त्या मुलाला तोंडी विचारून पाहावे.

खानापूरच्या त्या मुलाचा अर्ज आम्ही मराठीत लिहून दिला आहे. पोच मिळाली आहे. आता उत्तराची वाट पाहतो आहोत.