पत्ता आपला, वाट आपली

एक प्रश्न विचारतो. जीमेल उघडायचं असेल तर तुम्ही काय करता? माझ्या हापिसातले निम्मे लोक (सगळे इंजिनियर, बरं का) नवीन टॅब उघडतात, 'जीमेल' असं टाइप करतात, एंटर मारतात, मग गूगलची यादी येते, तिच्यातल्या पहिल्या ओळीवर टिचकी मारतात. रोज. रोज तीच पाटी वाचून त्याच गल्लीत वळायचं, असा प्रकार.

शॉर्टकट शिकवणारे लोक अशा वेळी लगेच वेळेचा हिशोब काढतात. काढूया. दर खेपेला ५ सेकंद वाया, दिवसाला ४० खेपा, म्हणजे २०० सेकंद. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर ५०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १४ तास. वा! पण खरं सांगा, हे वाचलेले १४ तास कुठे जाणार आहेत? रीळं बघण्यात. त्यामुळे वेगाचा मुद्दा मला कधीच फारसा पटलेला नाही. वेग मिळतो आणि तो छानही वाटतो, पण मी ब्राउझर स्वतःच्या हाताला लावून घेतो त्याचं कारण वेगळं आहे. माहीत असलेल्या जागी जाताना वाट विचारावी लागली की वाट सांगणाऱ्याचं राज्य येतं.

आणि हा वाट सांगणारा फुकट उभा नाहीये. अमेरिकेत गूगलवर जो मक्तेदारीचा खटला चालला त्यात आकडे बाहेर आले. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपलं शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ सालात २,६३० कोटी डॉलर मोजले. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये २,००० कोटी. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. ते सगळं ठीक, पण मला त्या निकालापेक्षा ती रक्कम जास्त बोलकी वाटते. तुम्ही-आम्ही सेटिंग बदलत नाही, या एका सवयीची ती किंमत आहे.

आता म्हणाल, असेना का, आपल्याला काय फरक पडतो? जीमेलच्या बाबतीत नाही पडत. बँकेच्या बाबतीत पडतो. बँकेचं नाव शोधलं की वरच्या ओळी बऱ्याचदा जाहिरातीच्या असतात, आणि 'कस्टमर केअर' हे शब्द जोडून शोधलं तर भलत्याच माणसाचा फोन नंबर समोर येऊ शकतो. अशा नंबरवर फोन करून खाती रिकामी झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर न्यायला लावले (मुदत ३१ ऑक्टोबर २०२५), ते याच कारणासाठी. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते. चांगली योजना आहे. पण ती उपयोगी पडायला माणसाने पत्ता वाचला पाहिजे, आणि शोधून-टिचकी-मारून जाणारा माणूस पत्ता वाचतच नाही. त्याने 'पहिली ओळ' एवढंच पाठ केलेलं असतं.

तर उपाय. फायरफॉक्समध्ये एक जुनी सोय आहे, बुकमार्कला कीवर्ड देण्याची. ही सोय आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि आजही ती जशीच्या तशी चालते, जालाच्या जगात हे म्हणजे हेमाडपंती देऊळ झालं. बुकमार्कच्या माहितीत 'कीवर्ड' असा रकाना असतो. पत्त्याच्या पट्टीतला तारा दाबल्यावर जी छोटी चौकट येते तिच्यात तो सापडायचा नाही, विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून सगळ्या बुकमार्कची खिडकी उघडा, तिथे खाली मिळेल. बँकेच्या बुकमार्कला 'बी' अक्षर दिलंत की पुढे फक्त कंट्रोल-एल (याने कर्सर पत्त्याच्या पट्टीत जातो), बी, एंटर. मध्ये कुणी नाही. यादी नाही, जाहिरात नाही.

खरी गंमत पुढे आहे. बुकमार्कच्या पत्त्यात जिथे शोधायचा शब्द येतो तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एस लिहायचा. मग कीवर्ड, एक जागा आणि तुमचा शब्द लिहिला की तो शब्द बरोबर त्या जागी जाऊन बसतो. म्हणजे कुठल्याही संस्थळावर आधी जाऊन, त्यांची शोधपेटी हुडकून, मग शोधायची गरज नाही. हापिसात मी 'टी' आणि तिकिटाचा आकडा लिहिला की थेट ते तिकीट उघडतं. पुढची खुर्चीवाली अजून डॅशबोर्ड लोड होण्याची वाट बघत असते.

पण माझा सगळ्यात लाडका कीवर्ड कोशाचा आहे. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश असे दोन्ही जालावर शोधता येतील असे ठेवलेत. कितीदा वाटतं, हा शब्द आजी वापरायची, याचा नेमका अर्थ काय? आणि कितीदा आपण आळसाने सोडून देतो! आता योगायोग बघा. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'क' हे अक्षर नेमकं इंग्रजी 'के' च्याच कळीवर आहे. म्हणून मी दोन बुकमार्क केले. इंग्रजी 'के' ला इंग्रजी विक्शनरी आणि देवनागरी 'क' ला मोल्सवर्थ. कळफलक इंग्रजीत असेल तर तीच कळ इंग्रजी कोश उघडते, मराठीत असेल तर मराठी. क, जागा, 'किंतान', एंटर. बोट एकच. कीवर्ड देवनागरीत देता येतो हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, कारण मराठी टंकायला लागल्यावर पत्त्याच्या पट्टीत आपण पुन्हा कळफलक बदलायचा ही सवय इतकी मुरलीये. कशाला बदलायचा? पट्टीला दोन्ही लिप्या सारख्याच.

क्रोमवाल्यांनी हिरमुसू नये. तिथे सेटिंगमध्ये शोधयंत्रांच्या पानावर 'साइट सर्च' म्हणून हेच आहे, फक्त शॉर्टकट लिहून टॅबची कळ दाबायची. जागेची कळही चालेल असं ठरवायचं सेटिंग त्याच पानावर आहे, ते करून टाका, बोटांना टॅब लांब पडते.

आता ब्राउझर उघडतानाचं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' असा रकाना दिसतो. त्यात शेवटी एक जागा सोडून काही शब्द लिहिता येतात, आणि इथे खूप मजा आहे. दोन डॅश आणि 'इन्कॉग्निटो' लिहिलं की खिडकी खाजगीच उघडते. दोन डॅश, 'प्रोफाइल-डिरेक्टरी', बरोबरचं चिन्ह आणि फोल्डरचं नाव लिहिलं की ठरावीक प्रोफाइल उघडतं. यात एक मेख आहे. प्रोफाइलला तुम्ही 'घर' किंवा 'हापिस' असं नाव दिलेलं असतं ते इथे चालत नाही, डिस्कवरच्या फोल्डरचं नाव लागतं ('डीफॉल्ट', 'प्रोफाइल १' असं काहीतरी इंग्रजीत, नावात जागा असेल तर अवतरणचिन्हांत). ते क्रोमच्या व्हर्जनच्या पानावर 'प्रोफाइल पाथ' मध्ये सापडतं. मी दोन आयकॉन केलेत आणि प्रत्येकाला त्याच प्रॉपर्टीजमधल्या 'शॉर्टकट की' रकान्यात कळ दिलीये, कंट्रोल-आल्ट-एच घराला आणि कंट्रोल-आल्ट-ओ हापिसाला. आयकॉन डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच ही कळ चालते, उगीच कुठल्या फोल्डरात ठेवून 'चालत नाही' म्हणू नका. फायदा असा की रविवारी घराची खिडकी उघडली की तिच्यात हापिसाचा मेलच नसतो. तिथे लॉगिनच नाही. इच्छाशक्तीवर विसंबण्यापेक्षा हे बरं.

दोन डॅश आणि 'ॲप', बरोबरचं चिन्ह, पूर्ण पत्ता असं लिहिलं तर ते संस्थळ टॅब आणि पत्त्याची पट्टी काढून एखाद्या प्रोग्रामसारखं उघडतं. फार देखणं दिसतं. संगीताला, कॅलेंडरला जरूर वापरा. बँकेला मात्र अजिबात नको! आपण एवढा आटापिटा पत्ता डोळ्यासमोर राहावा म्हणून करतोय आणि इथे पत्त्याची पट्टीच गायब.

यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे, "शिकून काय उपयोग, कंपन्या उद्या काढून टाकतात." खरं आहे. बॅकस्पेस दाबून मागच्या पानावर जायची सोय क्रोमने २०१६ मध्ये काढली, आणि लोकांनी केवढा गोंधळ घातला होता. माझं मत विचाराल तर काढली ते बरोबरच केलं. अर्धा फॉर्म भरल्यावर कर्सर चौकटीबाहेर असताना बॅकस्पेस लागला की सगळं पुन्हा लिहा, हा त्रास कुणाला हवाय? फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये तेच केलं, पण ज्यांना हवंय त्यांच्यासाठी आत एक सेटिंग ठेवलं. सभ्यपणा म्हणतात तो हा. याउलट नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली, तेव्हा व्हिम्परेटर वापरणारे अक्षरशः पोरके झाले. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन टाकून क्रोमियम घेतलं, त्यात एका कळीचे कितीतरी शॉर्टकट गेले. म्हणून मी नियम केलाय. एक्स्टेन्शनवर उभे असलेले शॉर्टकट शिकायचे नाहीत, बुकमार्क आणि पत्ता यांच्यावर उभे असलेले शिकायचे. कीवर्ड म्हणजे शेवटी साधं अक्षर आणि साधा पत्ता आहे. उद्या ब्राउझर बदलला तरी वहीत लिहून नेता येतो.

नवीन टॅबबद्दल एकच वाक्य: कोरा ठेवा. तिथे बातम्या, हवामान आणि क्रिकेटचा स्कोअर दाखवणाऱ्याला तुम्ही कशासाठी टॅब उघडला होतात ते विसरायला लावायचं असतं.

माझी आत्या सांगलीला असते, निवृत्त शिक्षिका. तिच्या लॅपटॉपवर कीवर्ड वगैरे शिकवायच्या भानगडीत मी पडलो नाही. डेस्कटॉपवर चार आयकॉन केले: 'बँक', 'लाइट बिल', 'रेल्वे', 'फोटो'. साधे, पत्त्याच्या पट्टीसकट उघडणारे. पट्टीवर बँकेचा पत्ता कसा दिसला पाहिजे ते तिने पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून घेतलं. बँकेने पत्ता 'डॉट बँक डॉट इन' केला तेव्हा तिचा फोन आला. "अरे, वहीतलं आणि पडद्यावरचं जुळत नाहीये. मी काही दाबलं नाही. आधी तू बघ." मी म्हटलं, आत्या, मी बघतो, पण तू शाखेत जाऊनही विचार. ती गेली, काउंटरवरच्या पोरीकडून नवा पत्ता कागदावर घेऊन आली आणि फोनवर मला एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी आयकॉन बदलला, पासबुकातली ओळही खोडून नवी लिहिली.