नऊ एक्क्यांचा मनोरा

वाचकहो, आज एकच आकडा घेऊ. पण तो सतरा अंकी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे. जुन्या उजळणीत एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत अठरा घरे असत. या आकड्याचा पहिला एक सतराव्या घरात, म्हणजे 'मध्य'वर बसतो. परार्ध एकच पायरी वर राहतो.

हा आकडा येतो कोठून? नऊ एक्के शेजारी शेजारी लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. कारण समजायला तीनच एक्के पुरेत. १११ गुणिले १११ पाटीवर मांडा. १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे एक्के पडतात. उत्तर १२३२१. नऊ एक्क्यांना मधल्या रकान्यात नऊ येतात. दहा एक्के घेतले की तेथे दहा होतात, हातचा येतो आणि मनोरा मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेम्लो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाचे तेव्हाचे नाव. कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या आकड्यांच्या छंदाकडे बड्या गणितींनी बरीच वर्षे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

आता घरच्या उपयोगाचे. नऊ एक्क्यांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला नवाने भाग जातो. तीच दोनदा गुणली, म्हणून आपल्या मनोऱ्याला एक्क्याऐंशीने भाग जातो. त्याच्या अंकांची बेरीजही एक्क्याऐंशीच भरते!

हाच नऊ हिशेबातली चूक दाखवतो. समजा, उसाच्या बिलात ५४७२ रुपये हवेत आणि पावतीवर पडले ५७४२. फरक २७०, अंकांची बेरीज नऊ. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. येथे तीन शतके वाढली आणि तीन दशके घटली, म्हणजे तीन वेळा नव्वद. तेव्हा दुधाचे असो की उसाचे, बिल जुळेना तर आधी फरक काढा. त्याला नवाने भाग गेला, तर उलटलेले अंक प्रथम शोधा. भाग गेला नाही, तर नुसती अदलाबदल नव्हे. एखादी नोंदच राहिली असेल.

हे काम घरातल्या चौथी-पाचवीतल्या पोराकडे द्या. घरचे चार पैसे वाचतील आणि त्याची गणिताची भीतीही जाईल.

— विश्रामबाग, सांगली